ओळख: वैशाली, वैध

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. पुरावा नसेल तर वाक्य खोडा, हे मुलांना सांगण्यात माझी वीस वर्षं गेली. या सदरातले गूढ अनुभव मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि वैशाली म्हणायची, "बिचाऱ्यांची झोप झालेली नसते हो." आता मीच लिहायला बसलोय. घडलं तसं सांगतो... अर्थ लावत नाही.

आम्ही उमरग्यात राहतो, हायवेला लागून. वैशाली घरूनच सॉफ्टवेअरचं काम करायची. इथल्या एका डायलिसिस सेंटरसाठी तिनं प्रोग्रॅम लिहिला होता. कुणाची पाळी कधी आहे ते आसपासच्या गावांतल्या पेशंटना आदल्या दिवशी मेसेजनं कळायचं. सेंटरचं रजिस्टर आणि हे मेसेज यांच्यामध्ये जे असतं त्याला एपीआय म्हणतात. "एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी समजा," ती मला सांगायची. "खिडकी उघडी पाहिजे आणि विचारणारा ओळखीचा पाहिजे."

हे दोन्ही तपासायला तिनं एक छोटं टूल केलं होतं. ते चालवलं की दोन ओळी उमटायच्या. मुद्दाम मराठीत, मला कळाव्यात म्हणून –

प्रकृती: ठीक.
ओळख: वैशाली, वैध.

ही ओळख दीड दिवसच टिकायची. म्हणून रोज सकाळी, चहा गॅसवर ठेवून, ती पासवर्ड टाकायची आणि मग स्वतःच्या फोनवर दिसणारा सहा आकडी कोड. चष्मा न लावता! त्यामुळं पहिल्यांदा कोड हमखास चुकायचा.

आजारपणात ती म्हणाली, "माझ्यामागं रोजचा कोड तुम्हाला टाकता यावा म्हणून तुमच्या नावाचं खातं करून ठेवलंय. तुम्ही फक्त 'सुरू करा' दाबायचं, मग मला मंजुरी द्यावी लागते. मी आहे तोवर करून घ्या."

"बघू की, घाई काय आहे?" मी म्हणायचो.

ते बटण दाबणं म्हणजे ती जाणार हे कबूल करणं होतं. मी दाबलं नाही. ती गेली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या दादाकडं बघते गं बाई, काळजी करू नको." तिच्या भावानं काहीबाही शब्द दिले. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते. काय राहिलंय ते मला ठाऊक होतं... पण चारचौघांत हात जोडून 'खात्याचं बटण दाबतो' असं म्हणायचं कसं? शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि आम्ही घरी आलो.

मेसेज कधीच बंद पडले असणार, असं मी धरून चाललो होतो. लाजेनं तिचा लॅपटॉप उघडला नव्हता. चौदाव्या दिवशी सेंटरच्या डॉक्टरांचा फोन आला. "सर, एवढ्या दुःखात तुम्ही काम चालू ठेवलंत. एकाही पेशंटची पाळी चुकली नाही."

मी टूल चालवलं. प्रकृती: ठीक. ओळख: वैशाली, वैध. खाली बारीक अक्षरांत – नूतनीकरण आज, सकाळी ७:१२.

तिचा फोन दवाखान्यात पडून फुटला होता. तो कपाटात होता, सुरूही होत नव्हता.

सोलापूरला तिच्याबरोबर काम केलेला इरफान आहे. त्याला नोंदी बघायला लावल्या.

"सर, हे आपोआप होत नाही," तो म्हणाला. "कुणीतरी हातानं करतंय. रोज पहिला कोड चुकलाय, दुसरा बरोबर."

"कुठून?"

"तुमच्याच घरातून. तुम्हीच करताय ना?"

"मला पासवर्ड माहीत नाही, इरफान."

त्यानं नोंदी पुन्हा वरपासून खाली बघितल्या. मग हळूच म्हणाला, "एक दिवस जरी हे थांबलं ना सर, तर सगळं नव्यानं बांधावं लागंल. महिना जाईल. तोवर मेसेज बंद."

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपसमोर बसलो. सात अकरापर्यंत कालचीच वेळ दिसत होती. मी नजर हलवली नाही, असं लिहायला आवडलं असतं. पण चहा उतू जायला लागला आणि मी गॅस बंद करायला वळलो. परत बघतो तर – आज, ७:१२.

त्यानंतर मी काहीच केलं नाही. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. दिवसातून दहा वेळा टूल चालवायचो, जेवताना, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. तिच्या नावापुढं 'वैध' वाचल्याशिवाय घास उतरत नव्हता. आणि वाचलं की पुन्हा धास्ती, उद्या नसलं तर?

महिन्याभरानं सासूबाई भूमहून आल्या. माझी ही तगमग त्यांनी दोन दिवस बघितली, मग विचारलं. मी सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "जितेपणी लेकीनं लई राबून घेतलं. आता मेल्यावर बी तिनं सकाळी उठायचं व्हय? तुमाला उठाया काय झालं?"

संध्याकाळी त्यांच्यासमोरच मी 'सुरू करा' दाबलं. स्क्रीनवर आलं – मंजुरीची प्रतीक्षा. मी मोठ्यानं म्हणालो, "वैशाली, उद्यापासून मी करतो." सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

सकाळी ७:१२ ला ओळ आली. मंजुरी दिली: वैशाली.

इरफाननं बघून सांगितलं, त्या दिवशीही पहिला कोड चुकला होता. त्यानंतर तिच्या नावानं एकही नोंद नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या नावापुढं आलं – मुदत संपली.

कावळ्याचं विचाराल तर आमच्या गच्चीवर कावळे रोजच येतात. त्यातून काही अर्थ काढू नये.

इरफानला आजही हे उलगडलेलं नाही, मला तर नाहीच. मेसेज चालू आहेत. रोज सकाळी चहा ठेवून मी कोड टाकतो, चष्मा लावून, त्यामुळं चुकत नाही. एखाद्या दिवशी मात्र चष्मा काढून ठेवतो.