कोंड्याचं छत

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र अजूनही वेगळं उरलं आहे. सत्तरचं दशक संपत आलं होतं, पौषातली थंडी होती आणि मी भंडारा जिल्ह्यात फौजदार होतो.

सकाळी आठला आंधळगावकडच्या एका खेड्यातून एक म्हातारा ठाण्यात आला. पायात चप्पलही नव्हती.

"साहेब, माह्या पोरीले सासूनं जहर देलं. आठ दिवसाची बाळंतीण होती ते." मग आवाज उतरवून म्हणाला, "पोरगी मेली, अन् बाळ कसं वाचलं? बुढीनं त्याले आधीच बाहेर आणलं होतं. तिले मालूम होतं."

अकस्मात मृत्यूची नोंद करून मी जीप काढली. पंचनाम्यात जखम नाही, गळ्यावर वळ नाही. अंथरुणाशी उलटी होती. गाल मात्र झोपेतल्यासारखे गुलाबी. प्रेत भंडाऱ्याला शवविच्छेदनासाठी पाठवलं आणि सासूची चौकशी तिच्याच ओसरीवर सुरू केली. बायकांना ठाण्यात आणायचं नाही, हा नियम होता.

"बाळ बाहेर का आणलं?"

"लय रडून राहिलं होतं, साहेब. जवळ घेऊन निजली."

"आणि सुनेला का नाही आणलं?"

"तिले शेक चालू होता. बाळंतिणीले वारा लागू द्या लागते का?"

हेच मी वीस वेळा विचारलं आणि तिनं वीस वेळा हेच सांगितलं. मी ओरडलो, खाट आपटली. सराईत माणूस दर वेळी थोडं नवं सांगतो. ही बाई एक शब्द बदलत नव्हती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण कुंपणाबाहेर मुलीचे भाऊ काठ्या घेऊन उभे होते, आणि एका बाहेर आणलेल्या बाळावरून मी स्वर्ग गाठला होता. उद्या खुनाच्या गुन्ह्यात हिला अटक करायची, हे मनात पक्कं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "विषाची लक्षणं नाहीत. रक्त लालभडक आहे, कोंडलेल्या निखाऱ्यांच्या वायूनं होतं तसं. खोलीत निखारे होते का? दारं-खिडक्या बंद होत्या?"

मी परत त्या खोलीत गेलो आणि पहिल्यांदा वर पाहिलं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी इकडे घरोघर पेटते. पण भिंत आणि छपरावरच्या कवेलूंच्या मध्ये वीतभर फट असते, धूर-वायू तिथून निघून जातो. इथे फटच नव्हती. मेलेल्या मुलीचा नवरा कारखान्यात कामाला होता. साहेबांच्या बंगल्यातली छतं पाहून त्यानं गावच्या मिस्त्रीकडून तसंच करून घेतलं होतं. बांबूच्या तट्ट्या, खालून मातीचा गिलावा, वर हातभर धानाचा कोंडा, आणि फटी तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, चिखलानं बुजवलेल्या.

"उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात गरम राहते साहेब," तो मान खाली घालून म्हणाला. "सरपण अर्धंच लागते."

मिस्त्रीला बोलावलं. "असं छत आणखी कुठे केलं?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "एकोडीले. माह्या पोरीच्या घरी. परवाच बाळंत झाली ते."

"शेक कधी देतात?"

"दिवे लागले का."

तीन वाजून गेले होते. एकोडी साकोली ठाण्याच्या हद्दीत, पण तिथला ट्रंक कॉल लागेना. जीप काढली. रस्ताभर धानाच्या बैलगाड्या, एकही बाजूला होईना. मिस्त्री शेजारी बसून "थांब वं माय, थांब" एवढंच पुटपुटत होता. माझी नजर रस्त्यापेक्षा सूर्याकडेच जात होती. इतका मी दरोडेखोरांच्या मागेही घाबरलो नव्हतो.

पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. खोलीचं दार बंद, खालच्या फटीत लुगडं कोंबलेलं. मिस्त्रीनं लाथेनं दार उघडलं. शेगडी लाल होती, सुईण डोकं धरून बसली होती, पोरगी बरळत होती. बाळासकट सगळ्यांना अंगणात आणलं. बऱ्याच वेळानं पोरीला उलटी झाली आणि ती बापावरच तडकली, "बाबा, थंडीत काहून आणलं मले बाहेर?"

मिस्त्री ढसाढसा रडला. मग कुदळ घेऊन आत गेला आणि स्वतः बांधलेलं छत फोडू लागला.

दुसऱ्या सकाळी मी त्या ओसरीवर गेलो. मुलीच्या बापाला, भावांना समोर बसवून डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, मग म्हातारीला म्हणालो, "तुमच्यावर गुन्हा नाही. माझं चुकलं, माय."

ती उठली नाही. बाळ मांडीवर होतं.

"सून म्हणे, थंडी वाजते. डोस्कं दुखते म्हणे. मीच दोनदा निखारे टाकले, साहेब. लिहून घ्या. मीच मारली."

जी कबुली मिळवायला मी पहिला अख्खा दिवस ओरडत होतो, ती आता समोर होती, आणि ती लिहायला पोलीस खात्यात रकाना नव्हता. संशय पुराव्याआधी पोचतो, हे मी त्या घरात शिकलो. पुढे प्रत्येक गावात पोलीस पाटलाला बजावत असे, घर हवं तेवढं ऊबदार करा, पण वीतभर फट ठेवा. लोक ऐकायचे. त्या म्हातारीला मात्र काय सांगायचं, ते मला निवृत्त होईपर्यंत सुचलं नाही.