चुभूद्याघ्या नावाची पार्टी

व्हाइटनरची बाटली दिसली की काकांचं पित्त खवळायचं. फरीदाबादच्या आमच्या मोटारींच्या शोरूममध्ये ते हिशेबनीस, मी बुकिंगच्या टेबलावर. मराठी अशी आम्ही दोघंच. माझं ऐकून सगळेच त्यांना काका म्हणू लागले. पंजाबीत काका म्हणजे लहान मूल, त्यामुळे टक्कल पडलेल्या या गृहस्थांना हाक मारताना आमच्या पंजाबी मालकांना, सेठजींना, गुदगुल्या व्हायच्या.

"चूक खोडावी, पुसू नये," हे काकांचं पालुपद. गिऱ्हाइकानं बुकिंग रद्द केलं की वहीतल्या रकमेवर एकच बारीक रेघ, जुना आकडा वाचता येईल अशी. शेजारी सही आणि 'चुभूद्याघ्या'. चूकभूल द्यावी घ्यावी! इतकी वर्षं दिल्लीकडे काढून ही सवय काही सुटली नव्हती.

तिनंच घात केला. काका आणि मी दोघंही रजेवर असताना विक्रीकराची तपासणी आली. साहेबांनी वहीवर बोट ठेवलं, "ये चुभूद्याघ्या कौन पार्टी है? हर कटी हुई रकम के आगे इसी का नाम!" त्या गाड्या आम्ही परस्पर विकल्या, असा संशय. कर भरा, वर दंड भरा, अशी नोटीस आली. काकांनी अर्थ सांगितला, पण सेठजी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. भर शोरूममध्ये म्हणाले, "तनखा मेरी, और धंधा किसका, काका?" काका डबा न उघडताच घरी गेले. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी सेठजींच्या चहाला शिवले नाही.

सुनावणीला रद्द बुकिंगांची फाइल घेऊन मी काकांबरोबर गेले. काका म्हणाले, "साहब, आपके यहाँ बिल के नीचे क्या लिखते हैं? भूल-चूक लेनी-देनी. ये वही है."

साहेबांनी तो शब्द पुन्हा वाचला आणि हसतच सुटले. "यानी पार्टी कोई नहीं?"

"कोई नहीं. फर्क इतना ही, आप पहले लेते हैं, हम पहले देते हैं."

मग रेघेखालचा एकेक आकडा साहेबांनी फाइलशी ताडून पाहिला. सगळे जुळले. नोटीस रद्द झाल्याचा कागद हाती आला तेव्हा मला रडूच फुटलं. काकांनी बाहेर येऊन दोन प्लेट छोले-कुलचे मागवले आणि माझ्यातलाही अर्धा कुलचा खाल्ला.

पुढे काका निवृत्त होऊन नागपूरला निघाले, तेव्हा त्यांना पोचवायला माझ्याबरोबर सेठजीही स्टेशनवर आले. बराच वेळ नुसते घुटमळले. गाडी सुटता सुटता खिडकीशी जाऊन त्यांनी आपलं होतं नव्हतं तेवढं मराठी काढलं, "काका... चुभूद्याघ्या."

"वो तो कब की काट दी, सेठजी," काका हसले. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "वाचता येते अजून. पण हिशेबात नाही."