तिघींत एकीला पुरेल एवढं औषध

पहिली शेळी मी पोचायच्या आतच गेली होती. उरलेल्या तीन झोपडीपुढे आडव्या पडल्या होत्या. तोंडातून लाळेच्या तारा, अंगाला कापरं, श्वास घरघरता. मी एकीची पापणी वर केली. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते. इथे तिची नुसती रेघ उरली होती. विषबाधा. पुस्तक उघडायची गरज नव्हती.

तेव्हा मी ओझरच्या पलीकडे एका गावी सरकारी जनावरांचा दवाखाना सांभाळत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. चहूकडे द्राक्षबागा. शेळ्या मंजुळाच्या. सुरगाण्याकडून बागेच्या कामाला आलेली बाई, भाऊसाहेबांच्या बागेच्या कडेलाच राहायची. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. घरी माणूस म्हणून कोणी नाही. होत्या त्या या चार शेळ्या.

"काय खाल्लं यांनी?"

"पाला. बागेतला."

बागेत वेलीला नको तेवढ्या फुटी येतात. बाया त्या खुडतात आणि संध्याकाळी गाठोडं बांधून शेळ्यांना नेतात. शेळ्या आधाशासारख्या खातात. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं. त्या दिवशी भाऊसाहेबांनी मंजुळाला स्वतः होऊन एक भारा जास्तीचा दिला होता. तो ज्या वेलींच्या ओळींतला होता, त्यांवर आदल्या दुपारी फुलकिड्यांसाठी फवारणी झाली होती. ती ट्रॅक्टरवाल्याने केली तेव्हा भाऊसाहेब नाशिकला होते आणि मंजुळा आठवडे बाजाराला.

भाऊसाहेब तिथेच उभे होते. "डॉक्टर, मी चांगल्यासाठी दिला हो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, अशी त्यांची गत.

चुलीतला कोळसा कुटून पाण्यात कालवला आणि तिघींना पाजला. कोळसा पोटातलं विष थोडंफार धरून ठेवतो. रक्तात गेलेल्या विषाला मात्र ॲट्रोपिनच लागतं. ते लाळ सुकेपर्यंत, श्वास मोकळा होईपर्यंत टोचत राहावं लागतं. हात आखडता घेतला तर दिलेलंही वाया जातं. माझ्या बॅगेत होतं ते एका शेळीपुरतं.

भाऊसाहेबांच्या घरून तालुक्याला फोन लावला.

"साहेब, ॲट्रोपिन हवंय. लगेच."

"कशासाठी?"

"शेळ्यांना विषबाधा झालीय."

"शेळ्याच ना? स्टॉक संपलाय. इंडेंट पाठवा."

इंडेंट म्हणजे मागणीचा कागद. तो जाऊन औषध येईपर्यंत शेळ्यांनी थांबायचं होतं. भाऊसाहेब मोटारसायकल काढून माणसांच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथलं ॲट्रोपिन कीटकनाशक प्यायलेल्या माणसांसाठी राखलेलं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, शेळीला दिलं आणि इतक्यात माणूस आला तर मी काय करू? बरोबरच होतं त्यांचं. मेडिकलमध्ये माणसांच्या डोसाच्या बारीक ॲम्प्युल मिळाल्या. जेवढ्या होत्या तेवढ्या ते घेऊन आले. शेळीच्या मानाने ते म्हणजे दाताला लावायलाही पुरेना.

मंजुळाला मी सांगितलं, "एकीलाच पुरेल."

"मग तिघींना थोडं थोडं द्या."

"थोडं दिलं तर तिघी जातील."

"घरात एक भाकर असली तर आमी काय एकालाच देतो का, दादा?"

मी चिडलो. खरं तर इंडेंटवाल्यावर चिडायचं होतं, पण समोर ती होती.

"कुणाला देऊ ते लवकर सांग."

"मी नाय सांगायची. माझ्याकडंच बघत्यात त्या."

बघत होत्या खऱ्या. मी तांबडीला टोचायला घेतलं. ती तरुण होती आणि गाभण होती, एका औषधात दोन जीव. हिशेब सरळ होता. मंजुळाने नाही म्हटलं नाही. तिने म्हाताऱ्या कपिलीचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने लाळ पुसत बसली.

"पोरीचं दूध आटलं तवा हिच्या दुधावर नात जगली," ती खाली बघूनच म्हणाली. "नातीच्या बारशाला मी हिला कुंकू लावलं व्हतं."

माझा हात थांबला. पण अर्धं औषध तांबडीच्या अंगात गेलेलं होतं. आता बदलणं म्हणजे दोघींना मारणं. मी पुढे टोचत राहिलो. आधी तिसरी, अजून न व्यायलेली पाट गेली, मग कपिली. तांबडीची लाळ सुकली. अंधार पडायच्या सुमारास ती उठून उभी राहिली, आणि सरळ जाऊन कपिलीला हुंगायला लागली. माझ्या नोकरीत यशस्वी उपचार म्हणून जे काही झालं, त्यात हा एक धरावा लागेल. मला त्या वेळी फक्त रडू येत होतं.

चार दिवसांनी निरोप आला. तांबडीने मेलेलं करडू टाकलं होतं. ती वैरणीला तोंड लावत नव्हती. कपिलीच्या रिकाम्या खुंट्यापाशी उभी राहून ओरडायची, ओरडून घसा बसलेला. शेळी कळपातलं जनावर. एकटी शेळी झुरते. मी सलाईन लावलं, टॉनिक दिलं, सोबतीला दुसरी शेळी आणायला सांगितलं. भाऊसाहेब लगेच म्हणाले, "मी आणून देतो."

"नको भाऊ," मंजुळा म्हणाली. "पुन्यांदा नाय."

त्याच आठवड्यात तांबडी गेली.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत भाऊसाहेबांची गाय बघायला गेलो होतो. काम सुटून बाया पाल्याची गाठोडी डोक्यावर घेऊन निघाल्या होत्या. मंजुळा मोकळ्या हाताने चालली होती. भाऊसाहेबांनी तिला हाक मारली. वेलीची एक फूट तोडली, स्वतःच्या तोंडात घातली आणि चावली.

"फवारलेला नाय, मंजुळाबाई. ने थोडा."

ती थांबली. त्यांचं चावून होईपर्यंत बघत राहिली.

"शेळ्याच नायत, भाऊ," म्हणाली आणि गेली.

भाऊसाहेबांनी तो पाला थुंकला नाही, गिळला. मी गाईकडे वळलो.

तेव्हापासून मी बॅगेत ॲट्रोपिन भरपूर ठेवतो, पदरचं घेऊन. बहुतेक वेळा ते तारीख उलटून फेकावं लागतं. शेळी मेल्यावरच लोक डॉक्टरला बोलावतात.