मान हलते तेव्हा

खोलीत शिरलं की शिवकन्या आधी खिडकी बघते. उजेड पाठीशी आला तर तिचा चेहरा काळा पडतो आणि समोरच्या बहिऱ्या माणसाला अर्धंच वाक्य मिळतं. खुणांच्या भाषेत अर्धं बोलणं चेहऱ्यावर असतं. म्हणून ती खुर्च्या सरकवते, माणसांना उठवते. बिदरच्या दवाखान्यांत, कचेऱ्यांत ती बहिऱ्यांची दुभाषी; तिथं तिला ‘खुर्चीवाली बाई’ म्हणतात. मैलूरच्या आपल्या घरीही ती एका जागी फार वेळ बसत नाही.

त्या सकाळी बिदरच्या एका दवाखान्यात तिनं टेबलच ओढलं. समोर अंबिका. औरादकडची, एकोणतीस वर्षांची, जन्मापासून बहिरी, बहिऱ्यांच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. शेजारी तिची सासू राजूबाई. सात महिने अंबिकाचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं. गर्भपिशवीत गाठ निघाली होती. पिशवीच काढायचं ठरलं होतं आणि कागदावर अंबिकाचा होकार हवा होता.

“लवकर विचारा,” डॉक्टर श्रीलक्ष्मी म्हणाल्या. “आज बारा वाजता ऑपरेशन आहे.”

शिवकन्या खुणा करू लागली. अंबिका मान हलवत होती.

“बघा, व्हय म्हणायलीय,” राजूबाई म्हणाली. “मी घरी सांगितलंय तिला. हातानं.”

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं. शिवकन्याचे हात हवेतच थांबले.

ही मान तिला ठाऊक होती. ती बारा वर्षांची असताना, राजेश्वर गावी, वडलांनी, अप्पांनी, तिच्या बहिऱ्या भावाला पुढ्यात बसवलं होतं. “इचार धनराजला, शाळा सोडून रानात येतोस का म्हणून.” तिनं विचारलं. धनराजनं मान हलवली. “व्हय म्हणायलाय,” ती म्हणाली आणि खेळायला पळाली. धनराज पुन्हा कलबुर्गीच्या शाळेत गेला नाही. खुणांची भाषा रीतसर शिकायला ती गेली तेव्हा कुठं तिला कळलं की समोरचा बोलत असताना बहिरी माणसं मान हलवतात ती ‘दिसतंय, पुढं बोल’ म्हणून. होकार त्यानंतर असतो. किंवा नसतो. धनराज अजून रानातच आहे. त्यानं तिला कधी बोल लावला नाही. तेव्हा खरंच व्हय म्हणाला होतास का, हे तिनंही कधी विचारलं नाही.

“मॅडम, हे व्हय न्हाई.”

“मग काय आहे?”

“ती बघायलीय, एवढंच. दहा मिनिटं द्या.”

“तुमची दहा मिनिटं म्हणजे अर्धा तास,” श्रीलक्ष्मी म्हणाल्या. पण पेन खाली ठेवला.

आज काय होणार आहे ते तूच सांग, शिवकन्यानं खुणेनं म्हटलं. अंबिकाचे हात भराभर चालले. शिवकन्या सोबत बोलत गेली, “पोटातली गाठ काढणार. रक्त थांबणार. दिवाळीनंतर मला दुसरं लेकरू व्हणार.”

“तुला?” राजूबाई दचकली. “कामून? तुझं काय हितं?”

“मी न्हाई मावशी, अंबिका बोलायलीय. तिचं बोलणं मी ‘मी’ म्हणूनच सांगते.”

मग शिवकन्यानं सांगितलं: नुसती गाठ नाही, पिशवीच. मग लेकरू नाही. पुन्हा एकदा सांगितलं. अंबिकाची मान हलायची थांबली. तिनं सासूकडं पाहिलं आणि पोटावरून हात बाहेर फेकून दाखवला. घरी राजूबाईनं एवढंच दाखवलं होतं.

“मी फसवले न्हाई!” राजूबाईचा आवाज चढला. “कॅन्सर व्हईल म्हणाले लोक. रोज तिच्या चादरी कोण धुवायलंय? पोर उभी ऱ्हात न्हाई. तू आलीस नि डोकं फिरवलीस तिचं!”

हेही शिवकन्यानं अंबिकाला सांगितलं. चादरींसकट, स्वतःवरच्या टोमण्यासकट.

“कॅन्सर आहे?” अंबिकानं विचारलं.

“तपासणीत नाही,” डॉक्टर शिवकन्याकडं बघत म्हणाल्या. “तिला सांगा...”

“तिलाच सांगा, मॅडम. तिच्याकडं बघून. मी हितंच आहे.”

श्रीलक्ष्मींनी खुर्ची वळवली. अंबिकाच्या चेहऱ्याकडं बघत त्या बोलू लागल्या, आधी जरा अडखळत. नुसती गाठ काढता येते, पण इथं नाही, कलबुर्गीला. रक्त जास्त जाऊ शकतं. गाठ परतही येऊ शकते. “मग, आज पिशवी काढायची का?”

अंबिकाची मान हलली. पेन कागदावर टेकला आणि तिथंच राहिला. डॉक्टर तिच्या हातांकडं बघत थांबल्या.

हात वर आले.

“न्हाई,” शिवकन्या बोलली. “मी कलबुर्गीला जाणार. अत्त्या, तुमी संगट चला.”

“चला म्हणं,” राजूबाईनं डबा उचलला. “तिथंबी चादरी मलाच.”

शिवकन्यानं तेही सांगितलं. अंबिका हसली, डोळे पुसत.

बाहेर येऊन शिवकन्या जिन्यापाशी उभी राहिली. दोन पायऱ्या उतरली, परत चढली. फोनवर धनराजचा नंबर काढला, फोन बंद केला, पुन्हा काढला. व्हिडिओ लागला. मागं तुरीचं रान, पाठीशी ऊन, चेहरा नुसता काळा.

तिनं खुणेनं त्याला आधी उजेडाकडं वळायला सांगितलं.