रेजिनाच्या माळ्यावरचं सरण

रेजिना फर्नांडिसला वाडीत कोणी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. मासे विकायची तेव्हा गिऱ्हाइकांशी भांडायची. गुडघे कुरकुरायला लागल्यावर तिने पाटी खाली ठेवली आणि सगळं लक्ष कुंपणापलीकडच्या गणपत परबावर दिलं. त्याच्या माडाची झापं तिच्या अंगणात पडत, तिच्या कोंबड्या त्याच्या मिरच्यांत शिरत. एवढ्या भांडवलावर दोघांनी उभा जन्म भांडण चालवलं.

तौक्ते वादळाने मात्र सगळ्यांचीच तोंडं बंद केली. कौलं उडाली, माड आडवे झाले, कट्टा गावाकडून येणारा रस्ता झाडांखाली गेला. वीज नाही, सिलिंडर नाही. चर्चच्या फादरांनी आवारात चुली मांडल्या आणि मोठ्या टोपापाशी रेजिनाला बसवलं. चर्चची पोरं, करोनाचे दिवस म्हणून तोंडाला फडकी बांधून, कोयते-करवती घेऊन घरोघर फिरू लागली. घर कोणाचं, हे विचारायला कोणाला सवड नव्हती, आणि आमच्या वाडीत तशी रीतही नाही.

अडचण लाकडांची होती. जिकडे बघावं तिकडे पडलेली झाडं, पण सगळी ओली. रेजिनाच्या डोळ्यांतून पाणी निघे आणि पेज काही उकळत नसे. तेवढ्यात पोरांनी बातमी आणली, गणपतच्या मोडलेल्या मांगरात, परसातल्या खोपटात, ताडपत्रीखाली आंब्याची लाकडं आहेत, खणखणीत सुकी. गणपत आणि त्याची बायको यशोदा तेव्हा शाळेत आसऱ्याला गेलेले.

"घेवन येवा सगळी," रेजिना म्हणाली. "म्हाताऱ्याक मी सांगतंय मागसून."

तिथे एखादा हिंदू शेजारी असता तर त्याने पोरांचा हात धरला असता. चांगली जाड, एका मापाची लाकडं, रोजच्या सरपणापासून वेगळी रचलेली आणि झाकलेली. ती कशासाठी, हे त्याला कोणी सांगावं लागलं नसतं. पण मेलेलं माणूस पुरणाऱ्यांना सरणाची ओळख कुठून असायची? गणपतने स्वतःसाठी राखलेलं सरण पेजेखाली गेलं. सगळ्या वाडीने ती पेज खाल्ली. गणपतने तर परत मागून घेतली.

घरी परतल्यावर तो मांगरात गेला आणि रिकामी ताडपत्री उचलून उचलून बघू लागला. त्याचा बाप ऐन आषाढात गेला होता. ओली लाकडं पेट घेईनात म्हणून टायर टाकून, रॉकेल ओतून त्याला जाळावं लागलं होतं. तो वास गणपतच्या नाकातून कधी गेला नाही. आपलं सरण आपणच सुकवून ठेवायचं, हे त्याने त्या दिवशीच ठरवलं होतं.

रेजिना सांगायला आली तेव्हा यशोदा पडवीत डोळे पुसत होती.

"गणपतदा, ती लाकडां माझ्याकडना जळली. माका म्हायत नव्हता."

"माझां सरण जाळलंस गो, रेजिने! आता पावसात मेलंय तर माकाय टायर घालून जाळतले?"

रेजिना आल्या पावली फिरली. तशीच फादरांकडे गेली. चर्चच्या आवारातला पडलेला आंबा तिने मागून घेतला, पोरांकडून फोडून घेतला आणि चुलीवरच्या माळ्यावर रचला. पुढे गॅस आला तरी तिने पावसाळाभर चूल पेटती ठेवली. घर काळं झालं, कपड्यांना धुराचा वास लागला. रोझरी म्हणताना ती रोज देवाला सांगायची, लाकडं सुकेपर्यंत तरी ह्या माणसाला नेऊ नकोस. शेजाऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी इतक्या कळवळ्याने कोणी प्रार्थना केली नसेल.

गणपत दर आठवड्याला तपासणीला यायचा. शिडीवर चढायचा, बोटाने टकटक करायचा.

"कच्ची आसत!"

"तुझे कानच कच्चे!"

मग चहा व्हायचा, मग पुन्हा भांडण. यशोदा कुंपणावरून ओरडायची, "मरणाची तयारी करूक जातास की चाय पिऊक?" एक पावसाळा गेला, दुसरा गेला. लाकडं वाळून खडखडीत झाली तरी गणपतच्या लेखी ती कच्चीच राहिली.

यंदा धो धो पावसात तो गेला. पहाटे, झोपेतच. त्याचा मुलगा सर्वेश सांगायला आला, तोवर यशोदाचा हंबरडा ऐकून रेजिनाने माळ्याला शिडी लावली होती. वादळातली ती पोरं आता मिशा फुटलेली, कमावती झालेली. त्यांनी ताडपत्रीत गुंडाळून लाकडं उचलली. चर्चची माणसं सरणाला हात लावतात म्हणून एका म्हाताऱ्याने कुरकुर केली. यशोदाने त्याला तिथेच गप्प केलं, "लाकडां आमच्या ह्येंची आसत. तेंनीच पारखून ठेवल्यानी."

रेजिना मसणाकडे गेली नाही, बायका जात नाहीत. दारात बसून ती पावसाला शिव्या घालत राहिली. दुपारी सर्वेश निथळत आला आणि सुतक म्हणून अंगणातच उभा राहिला.

"मावशे, एका काडयेत पेटली. रॉकेलचो डबो उघडूकच लागलो नाय."

"बरां झालां," रेजिना म्हणाली, आणि भोकाड पसरून रडायला लागली.

सर्वेश गोंधळला. "रडतंस कित्या गो? तेचां तेका दिलंस मां?"

"दिलंय रे बाबा. पण आता 'कच्ची आसत' म्हणान भांडूक येतलो कोण?"