विमलच्या विटा

फोन आला तेव्हा मी विटांवरच्या गोणपाटावर पाणी मारत होते. विमल, माझी धाकटी नणंद, तीन दिवसांसाठी लेकीकडे वाटूरला गेली होती. जाताना बजावून गेली, दिवसातून तीनदा, विसरायचं न्हाई. फोनवर तिची लेक रडत काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, थांब गं, दोन गोण्या राहिल्यात... त्या भिजवल्या आणि मग ऐकलं. चहा पिता पिता गेली होती विमल.

आमच्या घरामागे शहराचा कचरा पडतो. ही जागा मीच निवडलेली. नवी नवरी होते, मागं मोकळा माळ पाहून हरखले आणि ह्यांना म्हणाले, मागच्या दारानं छान वारा येईल. त्या नवरीला आता गाठून कान पिळावा वाटतो. वारा आला, अजून येतोय. पुढे त्याच्यासोबत कचऱ्याचा डोंगर सरकत आला आणि त्याच्या बुडातून पाझरणारं काळं पाणी परसात. बोअर नासली. घर बघायला आलेलं गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून फाटकातूनच परते. हे गेले, मी अडकले. मागची खिडकी कायमची बंद केली.

विमल कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आली, आणि पहिल्याच आठवड्यात रबरी हातमोजे घालून तिनं ते पाणी बाटलीत भरलं. तिचा बेत असा: पाडलेल्या घरांचा राडारोडा कुटून चाळायचा, चुना-सिमेंट घालून त्याच काळ्या पाण्यात कालवायचा आणि साबणाच्या वडीएवढ्या विटा पाडायच्या. घाण आतच बंद. मात्र महिनाभर ओल्या ठेवायच्या, नाहीतर तडकतात. हे शेवटचं मी ऐकलंच नव्हतं. ती बाजारात गेली, आणि ओलं दिसलं की उन्हात घालायचं ही माझी जन्माची खोड. पहिल्या खेपेच्या सगळ्या विटा गच्चीवर ओळीनं मांडल्या, दुपारी उलटवल्यासुद्धा. संध्याकाळी प्रत्येकीला भेग. पाण्यात सोडल्या तर पाणी चहाच्या रंगाचं. विमलनं एक वीट उचलून उलटसुलट पाहिली.

“वैनी, हे सांडगे तळायचे कधी?”

हसून घेतल्यावर मी म्हटलं, सोड आता, दोन म्हाताऱ्यांना एवढा डोंगर कुठं आवरतो.

“डोंगर राहू द्या. काळं पाणी न सोडणारी एक वीट पायजे मला. मंग ती घेऊन बराबर म्युनिसिपालटीच्या साहेबाच्या टेबलावर ठेवते.”

मग पाडलेल्या दुसऱ्या खेपेच्या, त्या गोणपाटाखालच्या विटांचा महिना ती गेल्यावर भरला. तिनं सांगून ठेवल्याप्रमाणे एक वीट लोणच्याच्या काचेच्या बरणीत बुडवली, पाण्याच्या रेषेवर चिकटपट्टी लावली. उजेडात दिसावं म्हणून बरणी मागच्या खिडकीत ठेवली. त्यासाठी इतक्या वर्षांनी ती खिडकी उघडली. वास येतो, येऊ दे. पाणी अजून नितळ आहे. पण उन्हानं ते पट्टीच्या बोटभर खाली उतरलंय. वरून भर घालायची की नाही, हे विमलनं सांगितलंच नव्हतं... रोज सकाळी तांब्या घेऊन मी बरणीपाशी जाते, आणि भरलेलाच परत आणते.