माफी नव्हे, रिग्रेट

मेडशीचे मास्तर जंगल सत्याग्रहात सरकारी जंगलातलं गवत कापून तुरुंगात गेले आणि एका अर्जावर सही करून सुटले, तेव्हा मी हातानं पत्रक लिहिलं होतं. 'माफी मागून आलेल्यांनी गावात तोंड कसं दाखवलं?' वीस प्रती काढल्या. एक त्यांच्याच शाळेच्या भिंतीवर डकवली. ते अक्षर ओळखून समजवायला घरी आले. "बाबू, मी रिग्रेट लिहिलं. अपॉलजी येगळी."

"ते साहेबाले सांगा," मी म्हणालो. बसाही म्हटलं नाही.

मग थोरला भाऊ त्याच गवतापायी पकडला गेला. ढोरं आमची, जंगल आमचं, आणि विळा लावला की गुन्हा! त्याला अकोल्याच्या तुरुंगात ठेवलं. इकडे बाबांना अर्धांग झालं. जीभ गेली. डोळे दाराकडे लागलेले. वकिलांनी सुटकेचा इंग्रजी अर्ज माझ्या हाती दिला. "मेडशीच्या मास्तरचाच मसुदा आहे. फक्त नाव बदललं."

वाचला. रिग्रेट होतं. अपॉलजी कुठेच नव्हतं. मला काही वाटलं नाही. घडी करून खिशात ठेवला.

दादा गजांपलीकडून म्हणाला, "माफी असन त सही करत नाही. बाबा गेले तरी नाही."

"माफी नाही. रिग्रेट म्हणजे झाल्या गोष्टीचं वाईट वाटते, एवढंच. अपॉलजी म्हणजे चूक कबूल करून माफी मागणं. तो शब्द यात नाही."

"तू मॅट्रिकवाला. तू सांगतं त खरंच असन."

त्यानं सही केली. मसुदा मास्तरांचा, हे मी त्याला सांगितलं नाही.

तुरुंगातून सुटलेल्याला आणायला आमचं गाव डफडं घेऊन शिवेवर जातं. गुलाल लागल्याशिवाय तो घरात पाय ठेवत नाही. दादा माझ्यासोबत शिवेवर बैलगाडीतून उतरला, तेव्हा तिथं एकटे मास्तर उभे होते. हातात गुलालाची पुडी.

"तुमी काहून आले, मास्तर?" दादानं विचारलं.

"माह्यासाठी कोणी आलं नव्हतं." त्यांनी गुलाल लावला. "तुह्या कागदावर माहाच शब्द आहे. वकिलानं सांगितलं."

दादा माझ्याकडे वळला. "तुले मालूम होतं?"

"हो."

"सहीच्या आंधी?"

"हो."

तो पुढे चालू लागला. घरी बाबांनी चांगल्या हातानं त्याची बाही धरली ती सोडली नाही. मी दारात उभा होतो. रडावं असं वाटायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दादा पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "मास्तरायच्या शाळेची भिंत अजून उभी आहे ना?"

मी कागद घेतला. 'मेडशीच्या मास्तरांविषयी जे लिहिलं त्याबद्दल दिलगीर आहे.' वाचून पाहिलं. सोयीचं होतं. 'दिलगीर आहे' खोडलं, 'माफी मागतो' लिहिलं. पहिल्या पत्रकाखाली माझं नाव नव्हतं, याखाली घातलं. वीस प्रती होईपर्यंत बोटं दुखली. तेवढंच काय ते जाणवलं. मग डकवायला खळ घेऊन मेडशीची वाट धरली.